फळीवरची बाटली

तासगाव तालुका. द्राक्षबागांची फळछाटणी होऊन वीस-पंचवीस दिवस झालेत. रात्री पाऊस येऊन गेला, सकाळी धुकं उतरलं. डावणी या रोगाच्या धास्तीनं अख्ख्या शिवारात फवारणीचे ब्लोअर सुरू आहेत.

ही एका बागायतदाराच्या वस्तीवरची खोली. मोटरचा स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, भुईमुगाचं पोतं आणि वर फळीवर औषधं. हो, विषाला इकडं औषधच म्हणतात. फळीच्या टोकाला कोल्ड्रिंकची एक बाटली आहे. जवळून बघा. लेबल सोललेलं, बूच दुसऱ्याच बाटलीचं, आत चार बोटं पिवळसर, तेलकट काहीतरी. शेजाऱ्याकडून थोडं उसनं आणलं, तेव्हा हीच हाताशी लागली.

मूळ डब्यावर एक तिरका चौकोन असतो. सगळ्यात जहाल औषध असेल, तर वरच्या अर्ध्यात कवटी, हाडं आणि लाल अक्षरांत ‘विष’. खालचा अर्धा भडक लाल. जहालपणा उतरत जातो तसा तो पिवळा, निळा, हिरवा होतो. सोबतच्या घडीच्या कागदात विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. माणूस दवाखान्यात नेला की डॉक्टर आधी विचारतात, काय पोटात गेलंय? ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल, तर ॲट्रोपिन देता येतं. पॅराक्वाट तणनाशकावर उताराच नाही. डबा हातात असला, की हे उत्तर शोधावं लागत नाही.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक धान्य-पिठासोबत एकाच जहाजातून आलं. ते सांडलं, खाण्यात मिसळलं आणि शंभरावर माणसं गेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. १९७१ मध्ये नियम आले. साठा वेगळ्या खोलीत, नाहीतर कुलूपबंद कपाटात. खोली कोरडी, उजेडाची, हवा खेळती. रिकामे डबे कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून फोडून, वस्तीपासून लांब पुरायचे. इथं मात्र धुतलेल्या डब्यातून म्हशीला पाणी पाजलेलं आम्ही पाहिलं.

निरीक्षक दुकानातलं कपाट तपासतो. या फळीपर्यंत तो येत नाही. आपल्या कसणुकीतल्या जमिनीवरच्या वापराला कलम ३८ नं कायद्यातून सूट दिली आहे. दुकानात कुलपात असलेला डबा पिशवीतून घरी आला, की भुईमुगाशेजारी बसतो. विष तेच, आणि दुकानात लहान पोरं खेळत नाहीत, घरात खेळतात. ही सूट आम्हाला पटत नाही.

बागायतदारानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिला कडी आहे, कुलूपही सापडलं. एकेक डबा लेबल बघून आत गेला. कोल्ड्रिंकची बाटली तेवढी हातात राहिली. त्यानं शेजाऱ्याला फोन लावला. शेजाऱ्यानं दोन नावं सांगितली. दोन्हींच्या पुढं ‘असंल’ म्हणाला.