घशाचा नकाशा

(दृश्य : ओपीडी. स्टीलच्या वाटीत गरम पाणी.)

दुर्बिणीचं टोक आधी गरम पाण्यात बुडवायचं. नाहीतर श्वासाच्या वाफेनं भिंग धुरकटतं आणि पडद्यावर नुसतं धुकं दिसतं. वर्धा जिल्ह्यातल्या या दवाखान्यात कान-नाक-घसा विभागाची सकाळ अशी सुरू होते. खुर्चीवरच्या काकाजींचं तोंड उघडत नाही, उभी तीन बोटंसुद्धा आत जात नाहीत. कारण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. म्हणून बारीक, लवचिक दुर्बीण नाकातून खाली उतरते.

"काकाजी, 'ई' म्हणा. लांब, ईऽऽ..."

स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ येतात. डॉक्टर पाहतात, केसपेपरवर चार ओळी लिहितात, पेनानं एक गोल काढतात. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये पडून राहतं आणि जागा भरली की पुसलं जातं. त्या रेकॉर्डिंगमध्ये घशाचं मोजमाप दडलेलं असतं, म्हणून ही फिल्म.

(दृश्य : लॅपटॉप. काळ्या पडद्यावर ठिपक्यांचा घसा फिरतो.)

सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे मिनिटाला 1500. इंजिनिअरिंगची ही मुलं त्यातली स्पष्ट तेवढी ठेवतात. मग प्रोग्राम खुणा शोधतो : रक्तवाहिनीचा फाटा, घडीचा कोपरा. तीच खूण पुढच्या चित्रात कुठे सरकली, यावरून कॅमेरा कसा हलला आणि खूण किती खोल आहे, हे दोन्ही एकदमच निघतं. अशा हजारो खुणा जुळल्या की घसा उभा राहतो. फिरवा, खालून पाहा, आत शिरा.

आता अडचणी. घसा ओला, लाळ चकाकते, आणि प्रोग्राम चकाकीलाच खूण समजून बसतो. दिवा कॅमेऱ्याच्याच टोकाला, त्यामुळे टोक हललं की उजेडही हलतो. मधेच माणूस आवंढा गिळतो, तेवढी चित्रं फेकूनच द्यावी लागतात. पण हाच दिवा उपयोगीही पडतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून अंधारावरूनही खोलीचा अंदाज बांधता येतो.

(दृश्य : हिंगणघाट. जुनी कबर.)

ही विल्यम लॅम्ब्टन यांची कबर. त्रिकोणांनी भारत मोजायला घेतलेला हा माणूस. 1802 साली मद्रासजवळ त्यांनी 100 फुटी पोलादी साखळीनं सुमारे 12 किलोमीटरची रेषा मोजली. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की त्रिकोण सुटतो. त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढवताना तो आपटला, तर या गृहस्थांनी तो स्वतःच ठोकूनठाकून सरळ केला. त्रिकोणांची रांग वर सरकत राहिली आणि जानेवारी 1823 मध्ये, नागपूरच्या वाटेवर असताना, लॅम्ब्टन इथेच वारले. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवलं; त्यांचं नाव शिखराला मिळालं. लॅम्ब्टन यांच्या वाट्याला हे गवत.

घशातही तेच त्रिकोण आहेत, फक्त साखळी नाही. एका कॅमेऱ्यातून आकार मिळतो, माप मिळत नाही. गाठ तुरीच्या दाण्याएवढी की बोराएवढी, हे प्रोग्रामला सांगता येत नाही. दोन भिंगांच्या दुर्बिणीत भिंगांमधलं अंतर ठाऊक असतं, पण ती महाग. मुलांनी साधी युक्ती काढली. दुर्बिणीतून जाणाऱ्या चिमट्याचं तोंड किती मिलिमीटर उघडतं ते आधी मोजून ठेवलं, आणि ते उघडं तोंड चित्रात येऊ दिलं.

(दृश्य : आठवडी बाजार, मटणाचं दुकान.)

पहिली चाचणी बोकडाच्या श्वासनळीवर. दुकानदार विचारतो, "खायाची नाही, त मंग कायले नेता जी?"

आधी दुर्बीण, मग मॉडेल. मग नळी उभी चिरून व्हर्निअर कॅलिपर लावला. कूर्चेच्या कड्यांपाशी माप जुळलं. मागची भिंत गुळगुळीत, तिथे खुणाच नाहीत, म्हणून मॉडेलला भोकं पडली.

(दृश्य : डॉक्टर माउस फिरवतात.)

निदान बायोप्सीनंच होणार. पण गाठ वाढली की नाही एवढं इथेच कळलं, तर नागपूरच्या काही चकरा वाचतील.

डॉक्टर विचारतात, "मागच्या महिन्याच्या घशावर हा ठेवून बघता येईल?"

"जमते ना सर. फक्त दोन्ही वेळा चिमटा दिसला पायजे."