रुईचा बोळा आणि हळदीची चिमूट

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी सरली की आपल्या खान्देशातली जिनिंगं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने, धडधडू लागतात. गेल्या हंगामात अशाच एका जिनिंगमध्ये गेलो होतो. मशीन चालवणारा ओळखीचा भाऊ हातभर अंतरावर उभा, पण मी ओरडलो तरी त्याला ऐकू जाईना. 'काय म्हनस भो?' हे मलाही त्याच्या ओठांवरूनच कळलं. हातभर अंतरावरून बोलायला ओरडावं लागलं, की आवाज 85 डेसिबलच्या, म्हणजे कानाच्या धोक्याच्या रेषेच्या, पुढे गेला असं खुशाल धरा. त्याच्या कानात काय होतं? रुईचा बोळा. कापसाच्या मुलखात दुसरं काय असणार!

बाहेर चहा घेताना त्याने विचारलं, "सर, हळदीनं कान वाचतो म्हणे. मोबाइलवर आलं होतं."

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असे प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. आणि हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. आतल्या कानात, शंखासारख्या नळीत, बारीक केसांच्या पेशी असतात. एका कानात साधारण 15 हजार. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजात त्यांना क्षमतेबाहेर राबावं लागतं आणि त्यातून ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात. गंमत म्हणजे, गंमत कसली, मशीन बंद झाल्यावरही हे कण काही दिवस पेशी पोखरत राहतात. त्यांना आवर घालणारी द्रव्यं वनस्पतींत आहेत, म्हणून संशोधक तिकडे वळले. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, शेंगदाण्याच्या लाल सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, ज्वारीच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल. म्हणजे आपलं भरीत-भाकरीचं ताटच म्हणा ना!

यातली काही द्रव्यं उंदरांना आणि गिनीपिगना देऊन मग मोठा आवाज ऐकवला, तेव्हा त्यांचं ऐकणं कमी बिघडलं. पण ते डोस भाजीतल्या चिमटीचे नव्हते. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीनेक ग्रॅम, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. गोंगाटापासून माणसाचा कान राखेल असं मान्यता मिळालेलं औषध अजून एकही नाही. तेव्हा भरीत चवीसाठी खा. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मुळीच नाही. आणि लसूण तळलेलं तेल कानात ओतायचं राहूच द्या. पडद्याला भोक असेल तर नसती आफत.

राहिला बोळा. रुई मोकळी, हवेशीर. आवाज तिच्यातून आरपार जातो. त्याला मी फोमचे प्लग दिले. प्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर तो बोळ्याचाच भाऊ.

त्याची शंका वेगळीच होती. "मशीनचा आवाज बदलला तर कळंल का? आम्ही कानानंच मशीन चालवतो, सर."

कळेल म्हटलं, सगळाच आवाज उतरतो, मशीनचाही आणि बिघाडाचाही. त्याला पटलेलं दिसलं नाही. चार दिवसांनी फोन आला, पट्टा घसरत होता, प्लग घालूनही आधी त्यालाच कळलं होतं.