लोंबीवरचं दव

मंडळी, कवीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या कवितेबद्दल बोलायचं तर मला आधी एका छोट्या वहीची गोष्ट सांगावीशी वाटते. वही पुढे चित्रपट-दिग्दर्शक झालेल्या सत्यजित राय यांची. तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. वही कोरी, स्वाक्षऱ्यांसाठी आणलेली, आणि पहिल्या पानावर रवींद्रनाथांचीच कविता हवी हा मुलाचा हट्ट. पौष मेळ्याच्या वेळी आई, सुप्रभाबाई, त्याला शांतिनिकेतनला घेऊन गेल्या.

घर परकं नव्हतं. मुलाचे वडील सुकुमार राय 1923 साली ऐन पस्तिशीत गेले, आणि त्यांच्या आजारपणात रवींद्रनाथ उशाशी बसून गायले होते. मला वाटतं, त्या दिवशी वही पुढे करणाऱ्या मुलाकडे पाहताना त्यांना हे आठवलंच असेल.

रवींद्रनाथांनी लगेच सही केली नाही. वही ठेवून जा, सकाळी ये, म्हणाले. सकाळी वहीत आठ ओळी होत्या. त्यांचा आशय असा: कितीतरी दिवस, कितीतरी कोस, पैसा खर्चून देशोदेशी हिंडलो, डोंगर पाहिले, समुद्र पाहिले, पाहायचं राहिलं ते घरापासून दोन पावलांवर, भाताच्या एका लोंबीवरचं दवाचं एक थेंबुटं. मूळ बंगालीत ‘सिंधु’ला ‘बिंदु’ भेटतो, आणि ते यमक मराठी कानालाही आयतं कळतं. वही परत देताना ते आईला म्हणाले, याचा अर्थ तो थोडा मोठा झाला की त्याला कळेल.

अशा ओळी लिहून देण्याची त्यांना सवय होती. चीन-जपानात लोक पंखे, कागद, रेशमी रुमाल पुढे करत, आणि ते दोन-चार ओळी लिहून देत. ‘लेखन’ हे 1927 सालचं पुस्तक त्यातूनच निघालं, आणि तेही त्यांच्या हस्ताक्षरातच छापलं गेलं. आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. 1878 साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. त्यांच्या मुलीनं, अन्नपूर्णा तर्खडनं, कवीकडे एक नाव मागितलं. त्यांनी ‘नलिनी’ हे नाव दिलं आणि ते भैरवीतल्या एका गाण्यात गुंफलं. म्हातारपणी ‘छेलेबेला’ या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ही आठवण फार हळवेपणानं लिहिली आहे.

पण वहीतल्या त्या आठ ओळी मला जास्त मोलाच्या वाटतात. मुलाचं कौतुक नाही, आशीर्वाद नाही, त्याचं नावही नाही. आज न कळणारी गोष्ट एका पोराच्या हाती विश्वासानं सोपवली आहे. 1940 साली तो शांतिनिकेतनच्या कलाभवनात चित्रकार नंदलाल बसूंकडे शिकायला गेला. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथ गेले. मग 1955 साली त्याचा ‘पथेर पांचाली’ हा चित्रपट आला. कलकत्त्याजवळच्या बोराल गावात चित्रित झालेला. पाऊस यायच्या आधी कॅमेरा तळ्याकाठी थांबतो, आणि पाण्यावर सरकणारे किडे कितीतरी वेळ नुसता पाहत राहतो.