अपडेटचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात

मंडळी, स्मार्टफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट फुकट असावे की विकत, हा आजचा विषय. उत्तर देणार आहेच, पण आधी एक जुना हिशेब मांडू द्या, कारण सगळा वाद त्या हिशेबात आलेला आहे. सभागृहात कोणी सीए असतील तर त्यांनी पुढे सरकून बसावे, त्यांना यात जास्त रस वाटेल.

जानेवारी २००८. ॲपलने आयफोन आणि आयपॉड टच या दोन्हींसाठी नवे सॉफ्टवेअर काढले. आयपॉड टच म्हणजे, इथल्या तरुण मंडळींसाठी सांगतो, आयफोनमधून फोन वजा केल्यावर जे उरते ते. आयफोनवाल्यांना अपडेट फुकट मिळाले. टचवाल्यांना मेल, नकाशे, नोट्स, हवामान आणि शेअर बाजार ही पाच ॲप्स हवी असतील तर २० डॉलर मोजा, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी जुलैत ॲप स्टोअर घेऊन दुसरी आवृत्ती आली, टचवाल्यांना ९.९५ डॉलर. जून २००९मध्ये तिसरी आली, पुन्हा ९.९५. आयफोनवाल्यांना दोन्ही वेळा शून्य. टचवाले चिडले आणि कंपनी लोभी आहे असे म्हणू लागले. पण खरे कारण जमाखर्चाच्या वहीत होते.

आयफोनच्या विक्रीचे उत्पन्न ॲपल एकदम जमा धरत नसे. ते २४ महिन्यांवर वाटून धरत असे. त्यामुळे त्या दोन वर्षांत नवी सोय फुकट दिली तरी हिशेबाला अडचण नव्हती. आयपॉड टचचे पैसे मात्र विक्रीच्या दिवशीच पूर्ण जमा. आता सहा महिन्यांनी त्यात नवी सोय फुकट घातली, तर लेखापरीक्षक विचारणार की विक्रीच्या दिवशी माल पूर्ण दिलाच नव्हता, मग सगळे उत्पन्न त्या दिवशी कसे धरले? त्या वेळच्या अमेरिकी नियमांनुसार, न आलेल्या अपडेटची वेगळी किंमत सिद्ध करता येत नसेल तर अख्ख्या वस्तूचे उत्पन्न लांबणीवर टाकावे लागे. यातून सुटायचा मार्ग एकच, अपडेट ही स्वतंत्र वस्तू म्हणून विकायची.

२००९च्या शरद ऋतूत तिथल्या लेखामानक मंडळाने नियम बदलला. भविष्यातल्या अपडेटची किंमत कंपनीने अंदाजाने ठरवावी, तेवढीच बाजूला ठेवावी, बाकीचे लगेच जमा धरावे. जून २०१०मध्ये चौथी आवृत्ती टचवाल्यांनाही फुकट मिळाली. आणि या बदलामुळे एक आकडा उघड झाला, तो कृपया लिहून घ्या: प्रत्येक आयफोनमागे ॲपलने भविष्यातल्या सॉफ्टवेअरपोटी २५ डॉलर बाजूला धरले. त्या वेळच्या दराने साधारण ११०० रुपये. म्हणजे अपडेट फुकट कधीच नव्हते. ते दुकानातल्या बिलातच होते.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटे उरली आहेत. आता अँड्रॉइडकडे.

तिथे अपडेटचे काम आणि त्याचा खर्च चार ठिकाणी वाटला जातो. २०१५मध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष उघड झाल्यापासून गूगल दर महिन्याला सुरक्षा-पत्रक, म्हणजे सापडलेल्या दोषांची आणि त्यांवरच्या दुरुस्त्यांची यादी, काढते. ते फोन बनवणाऱ्याच्या हाती आले की काम संपत नाही, तिथून सुरू होते. प्रोसेसरवाल्याने आपले ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे सॉफ्टवेअर, दुरुस्त करायचे, फोनवाल्याने अँड्रॉइडला दिलेल्या आपल्या रूपाशी ते जुळवायचे, काही देशांत नेटवर्क कंपनीने तपासायचे. यातला एक जण थांबला की साखळी तुटते. फेअरफोन २ हे याचे नेमके उदाहरण. २०१५चा फोन, त्यात क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप. क्वालकॉमने त्या चिपचा पाठिंबा अँड्रॉइड ६वर थांबवला. या छोट्या डच कंपनीने पुढचे काम स्वतः ओढले, २०२२मध्ये अँड्रॉइड १०पर्यंत पोचवले आणि मार्च २०२३मध्ये पाठिंबा बंद केला. इच्छा असली तर काय होते ते यातून दिसते, आणि त्याला किती वर्षे लागली तेही.

तुमचा फोन कुठे आहे ते आत्ताच पाहा. सेटिंग्ज, मग ‘फोनबद्दल’, मग अँड्रॉइड आवृत्ती. तिथे सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती १ तारखेची असेल तर त्या महिन्याच्या पत्रकातला अँड्रॉइडच्या मूळ भागाचाच हिस्सा आला आहे; ५ तारखेची असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि चिपच्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्याही आल्या. खाली ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ अशी दुसरी तारीख दिसेल. ती नवी आणि वरची जुनी असेल तर फसू नका. अँड्रॉइड १०पासून काही भाग गूगल परस्पर बदलू शकते, पण ड्रायव्हरमधली भोके त्याने बुजत नाहीत.

पाच मिनिटे उरली, तेव्हा मूळ उत्तर भरभर सांगतो. सुरक्षेची दुरुस्ती विकत नसावी. विकत ठेवली की बरेच लोक ती घेणार नाहीत, आणि न दुरुस्त झालेल्या फोनवरून शेजाऱ्यालाही फसवे संदेश जातात; त्याच फोनवर आपले यूपीआय असते. शिवाय दोष कंपनीच्या मालातला आहे. नव्या सोयी मात्र वेगळ्या काढून विकल्या तर माझी हरकत नाही, कारण ज्याला जुना फोन जड करायचा नाही त्याला नकार देता यायला हवा. २०१८मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, तो याच कारणाने.

मुदत संपल्यावर विकत दुरुस्ती चालेल का? चालेल, पण मुदत पुरेशी हवी. विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकाला आणखी एका वर्षाचे ३० डॉलर लावले. युरोपात ते वर्ष फुकट द्यावे लागले. फोनसाठी युरोपीय संघाचा वेगळा नियम २० जून २०२५पासून लागू आहे: मॉडेल बाजारात आणणे थांबल्यापासून किमान ५ वर्षे अपडेट विनामूल्य. त्यात एक पळवाट आहे, ‘अपडेट दिले तर’ असे शब्द आहेत. आपल्याकडे असा नियम करताना ते तीन शब्द वगळायला हवेत. आयफोन ५एस २०१३चा, त्याला जानेवारी २०२३मध्ये सुरक्षा अपडेट मिळाले; म्हणजे जमत नाही असे कोणी सांगू नये.

आणि शेवटचे, दिवाळीच्या सेलसाठी. चार वर्षे सुरक्षा अपडेट असे लिहिले असेल तर ती चार वर्षे बहुतेक कंपन्या मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षे जुने मॉडेल स्वस्तात घेतले तर हाती दोनच वर्षे आली. दुकानदाराकडून बिलावर मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या. एकाच नावाच्या ४जी आणि ५जी फोनमध्ये चिप वेगळी असते, आणि अपडेटची मुदतही वेगळी असू शकते.