टायर मोठे घातले, आता क्राऊन-पिनियन कुठलं?

बसा, पुढे जागा आहे, मागे उभं राहू नका. मला विषय दिलाय मोठे टायर घातलेल्या ट्रकला ॲक्सलचा रेशो कसा निवडायचा, आणि हिशोब म्हणाल तर तो पाच मिनिटांचा आहे, तो मी सांगणारच. पण त्याआधी एक गोष्ट बोलायचीय जी माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घोळतेय, ती ही की रेशो निवडायला सगळे तयार असतात आणि मोजायला कोणीच खाली वाकत नाही. कोणाचा तरी ट्रक बघितला, त्याने ४.८८ चा रेशो घातलाय, मग मलाही ४.८८. त्याचं इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, तो काय ओढतो, काही विचारलं जात नाही.

क्राऊन-पिनियन तुम्हाला माहितीय, ॲक्सलमधली गिअरची जोडी, छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, त्यामुळे शाळा घेत नाही. पिनियनला ११ दाते, क्राऊनला ४१, भागलं की ३.७३, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला पावणेचारला जरा कमी फेरे मारावे लागतात. बरेच जण विचारतात की हे दात्यांचे आकडे असे अडनिडे का, ४१ आणि १० का, सरळ ४० आणि १० का नाही. तर ४० ला १० ने पूर्ण भाग जातो, मग पिनियनचा एक दाता जन्मभर क्राऊनच्या त्याच चार दात्यांवर बसणार, आणि त्या दात्यावर बारीकशी खोच असली तर ती त्याच चौघांना खात राहणार. ४१ केलं की प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. मला ही गोष्ट फार आवडते, कुठल्या तरी माणसाने कधीतरी बसून एवढा बारीक विचार केलाय.

शब्दांचंही एक आत्ताच मिटवून टाकू. आकडा मोठा, म्हणजे ४.५६ किंवा ४.८८, त्याला काही लोक हाय रेशो म्हणतात आणि काही लो गिअर म्हणतात, आणि दोघं एकच वस्तू मागत असतात. यात लोकांनी चुकीचा माल मागवलाय, बॉक्स फोडल्यावर कळलंय. म्हणून आज फक्त आकडा बोलायचा.

आता माझा किस्सा. मी एक ट्रक वापरलेला घेतला, फोर-व्हील, साधा, पार्ट-टाइम ट्रान्सफर केसवाला, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा, ज्यात फोर-व्हील हवं तेव्हाच जोडायचं. मातीत, वाळूत मस्त चालायचा. फक्त एक होतं, फोर-व्हीलमध्ये टाकून कडक जमिनीवर आलो की थोड्याच अंतरात गाडी आखडल्यासारखी व्हायची, टायर चुकचुकायचे, आणि लिव्हर टू-व्हीलला यायचंच नाही. मग रिव्हर्स टाकून पाच-दहा फूट मागे घेतलं की खटकन सुटायचं. आता कडक जमिनीवर पार्ट-टाइम फोर-व्हील चालवायचीच नसते, हे सगळ्यांना माहितीय, पण इतक्या लवकर आणि सरळ रेषेतसुद्धा? वळणावर समजू शकतो. मी एका वर्कशॉपला दाखवलं, त्यांनी ट्रान्सफर केस खोलला. चेन बदलली. तेच. दुसऱ्याने सांगितलं लिव्हरची लिंकेज, ती बदलली. तेच. जवळजवळ वर्षभर मी त्या ट्रान्सफर केसच्या मागे होतो.

एका रविवारी मी काय केलं, मागचं एक चाक जॅकवर घेतलं, बाकीच्या तिन्हींना दगड लावले, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडला. शाफ्टवर खडूने रेघ, हाउसिंगवर तिच्यासमोर रेघ, टायरवर एक रेघ. आणि चाक हाताने फिरवत बसलो. इथे एक नीट ऐका, डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग, साधा ओपन असेल, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर नसेल, तर दुसरं चाक जमिनीवर उभं आहे म्हणून उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. बाहेरून दिसत नाही पण आत स्पायडर गिअर फिरून तो हिशोब करत असतात. आणि दोनच फेऱ्यांवर भागवू नका, ३.५५ आणि ३.७३ मधला फरक दोन फेऱ्यांत डोळ्याला कळत नाही, दोन्ही साडेतीनच्या पुढेच वाटतात. वीस फेरे मारा, हात दुखले तर दुखू देत. मी वीस मारले, शाफ्टचे सदतीस आणि वर थोडं. भागिले दहा, ३.७३. ठीक. मग पुढे गेलो, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये, हब लॉक म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडलेली, तसंच एक चाक वर, वीस फेरे. शाफ्ट साडेपस्तीसवर थांबला. परत मोजलं. साडेपस्तीस.

मागे ३.७३ आणि पुढे ३.५५. आधीच्या मालकाच्या हातात कधीतरी एक ॲक्सल बदलला गेला होता आणि ज्याने बदलला त्याने जे मिळालं ते बसवलं. फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले, म्हणजे मागची चाकं १०० मीटर जातात तेव्हा पुढच्यांना १०५ मीटर जायचंय. ते पाच मीटर जातील कुठे? मातीत टायर घसरून जातात, कडक जमिनीवर सगळा पीळ शाफ्टमध्ये, चेनमध्ये, जॉइंटमध्ये साठतो. ट्रान्सफर केसचा काडीचा दोष नव्हता, तो बिचारा मार खात होता. पुढे-मागे ४.०९ आणि ४.१० असा शतांशातला फरक कंपन्या स्वतः ठेवतात, तो चालतो, पण पाच टक्के नाही. आणि हे शोधायला लागलं काय, एक जॅक, एक खडू आणि अर्धा तास. तीन वेळा खोलाखोली झाली त्यात कोणी खडू हातात घेतला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच खडूची दुसरी गोष्ट, टायर. टायरवर ३५ इंच लिहिलंय म्हणून तो ३५ चालत नाही. वजन आलं की खाली बसतो. हवा रोजची भरा, सामान रोजचं ठेवा, टायरवर रेघ, जमिनीवर रेघ, सरळ पाच फेरे पुढे घ्या, परत जमिनीवर रेघ, टेप लावा. समजा साडेतेरा मीटर भरलं. भागिले पाच, २.७० मीटर, भागिले ३.१४, ८६ सेंटिमीटर, म्हणजे ३३.८ इंच. लिहिलेले ३५, चालणारे ३३.८. आणि जुने टायर काढायच्या आधी त्यांचंही असंच मोजून ठेवा, कारण एकदा ते विकले की गेलं. एक छापील आणि एक मोजलेलं अशी भेसळ केली की हिशोब तिथेच फसतो.

आणि ॲव्हरेज! हे बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. मोठे टायर घातले, गाडी ॲव्हरेज देत नाही, असं दर दुसरा माणूस सांगतो. अरे, तुझा किलोमीटरचा काटा जुन्या टायरवर मोजतोय. जुना २९.५, नवा ३३.८, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा तू ११४ च्या पुढे पळतोयस, आणि काटा ८०० किलोमीटर म्हणतो तेव्हा तू ९१७ आलायस. १०० लिटर गेलं तर तू आठचं ॲव्हरेज सांगणार, खरं नऊच्या वर आहे. ॲव्हरेज पडतं, नाही म्हणत नाही मी, टायर जड आहे, गाडी उंच झाली, हवा जास्त कापावी लागते. पण किती पडलं हे काटा दुरुस्त केल्याशिवाय बोलू नका, त्या खोट्या आकड्यावर लोक गिअर निवडतात.

संयोजक घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं, मग निवडीवर येतो, भराभर.

जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. ३.७३ गुणिले ३३.८ भागिले २९.५, आलं ४.२७. टायर बदलल्यावर काहीच केलं नाही तर तुमचं ३.७३ हे ३.२६ सारखं वागतं, म्हणून गाडीचा पिकअप गेला, पाचवा पडतच नाही, ऑटोमॅटिक असेल तर गिअर सारखा वर-खाली, तेल तापतंय, मॅन्युअल असेल तर चढावर उठवताना क्लच प्लेटचा वास. ४.२७ नेमकं मिळणार नाही, बाजूला ४.१० आणि ४.५६ आहेत. इथे लोक जवळचा आकडा म्हणून ४.१० घेतात. माझं मत स्पष्ट आहे, मधे अडकलात तर वरचा घ्या. ४.२७ हा हिशोब फक्त उंचीचा आहे, त्यात टायरचं वाढलेलं वजन नाही, वारा नाही, तुम्ही पुढे लावणार ते बंपर आणि विंच नाही. पूर्वीच्या जागी परत यायला पूर्वीपेक्षा थोडं जास्त लागतं.

पण मत म्हणून घेऊ नका, आरपीएम काढा. किलोमीटर प्रतितास वेग गुणिले २०९ गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले त्या गिअरचा रेशो, भागिले टायर इंचात. १०० चा वेग, टॉप गिअर ०.७५ धरू. मूळ गाडी १९८० च्या आसपास. मोठे टायर, जुना गिअर, १७३०. ४.१० ने १९००, ४.५६ ने २११५, ४.८८ ने २२६०. आता तुमच्या इंजिनचा टॉर्क कुठे येतो ते बघा. खालून ओढणाऱ्या डिझेलला १९०० पुरे असेल, पेट्रोलला आणि मागे ट्रेलर असेल त्याला २१०० च्या खाली दम लागेल. दिवसाचे जास्त तास ज्या वेगात जातात तो वेग घाला, वर्षातून एकदा गाठता तो नाही. टायर-रेशोच्या बऱ्याचशा रंगीत तक्त्यांमध्ये टॉप गिअर एकास एक धरलेला असतो, तुमचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एकापेक्षा कमी असेल तर तो तक्ता तुमचा नाही. जे दगडांत चालवतात त्यांनी पहिला गिअर, ट्रान्सफर केसची लो रेंज आणि ॲक्सल तिन्ही गुणावेत. ४ गुणिले २.७२ गुणिले ४.१० म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे साधारण ४५, आणि ४.५६ ने ५० च्या जवळ.

मग ५.३८ का नको? कारण आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो. ४.१० ला १० दाते, ४.८८ ला आठ. मोठा टायर आणि बारीक पिनियन एकत्र आले की आधी ॲक्सलची ताकद विचारा. शिवाय क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरिअर बघा, डेना ४४ नावाच्या ॲक्सलला ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरा, ती रेषा ओलांडली की कॅरिअर बदला नाहीतर जाड क्राऊन घ्या. फोर-व्हीलला दोन्ही ॲक्सल एकदमच, माझा किस्सा ऐकलात ना.

गिअरने ब्रेक सुधारत नाहीत हे लक्षात ठेवा. त्या ३३.८ च्या टायरला तेवढ्याच पेडलवर जमिनीशी १३ टक्के कमी ब्रेक मिळतो, गिअर कुठलाही घाला. काट्याचं गाडीवर अवलंबून आहे. सेन्सर चाकावर असेल तर गिअर बदलून फरक पडत नाही, गिअरबॉक्सच्या मागे असेल तर ४.५६ नंतर काटा १०० म्हणेल आणि तुम्ही ९४ वर असाल. ईसीयूत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, टायर आणि रेशो दोन्ही भरून घ्या.

शेवटचं, बसवणाऱ्याजवळ उभे राहा. दात्यांना पिवळी पेस्ट लावून फिरवल्यावर ठसा बघा, तो दात्याच्या मध्यावर हवा, अगदी टोकावर किंवा मुळाशी नको, मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, शिम, म्हणजे पिनियनची जागा ठरवणारी पातळ चकती, बदलायला सांगा. बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला मोकळा खेळ, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, पण सेटबरोबर कागद येतो, त्यावरचा आकडा खरा. नंतर पंचवीस-तीस किलोमीटर सावकाश चालवा आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, पहिले ८०० किलोमीटर काही ओढू नका, आणि मग तेल बदला. ते तेल पसरट भांड्यात काढा आणि बोटाने चोळून बघा. चंदेरी मऊ भुकटी असेल तर ती नव्या दात्यांची आहे, पुसून टाका. नखाला टोचेल असा कण लागला तर नवं तेल ओतू नका, झाकण काढा.