उन्हात रंगणारा गुलाब : घरच्या कुंडीतला ‘डबल डिलाइट’

पडद्यावर दिसणारी ही कळी नुकतीच उमलू लागली आहे. तिच्या पाकळ्या मलईरंगी आहेत आणि लाली आहे ती फक्त सर्वांत बाहेरच्या पाकळ्यांच्या कडांवर, तीही बारीक रेघेपुरती. ही रेघ पुढच्या दोन-तीन दिवसांत आत सरकत जाईल आणि फूल पूर्ण उमलेपर्यंत मधला गाभा तेवढा फिकट राहून भोवतीच्या पाकळ्या गडद लाल झालेल्या असतील. एकाच झाडावरची दोन फुले कधीही अगदी सारखी दिसत नाहीत, हे या गुलाबाचे खरे आकर्षण आहे.

‘डबल डिलाइट’ हा हायब्रिड टी, म्हणजे लांब देठावर एकेक मोठे फूल देणाऱ्या संकरित गुलाबांच्या वर्गातला गुलाब हर्बर्ट स्विम आणि अर्नोल्ड एलिस या अमेरिकी संकरकारांनी ‘ग्रॅनाडा’ आणि ‘गार्डन पार्टी’ या दोन जातींच्या संकरातून तयार केला आणि तो १९७७ मध्ये बाजारात आला. यांपैकी ‘गार्डन पार्टी’ ही १९४५ साली नाव मिळालेल्या सुप्रसिद्ध ‘पीस’ गुलाबाची संतती आहे. जगभरच्या गुलाबप्रेमी संस्थांच्या महासंघाने १९८५ मध्ये ‘डबल डिलाइट’ला आपल्या सन्मानयादीत स्थान दिले. त्याच्या नावातल्या दोन आनंदांपैकी एक रंगाचा आणि दुसरा सुगंधाचा. हा दुसरा आनंद कॅमेऱ्याला टिपता येत नाही, याची मात्र खंत वाटते.

रंग बदलण्याचे कारण उन्हात आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पाकळीवर पडले की तिच्या पेशींमध्ये अँथोसायनिन नावाचे लाल रंगद्रव्य तयार होऊ लागते. हे दृश्य जवळून पाहा : बाहेरची पाकळी हलकेच बाजूला केली की तिच्या सावलीत झाकला गेलेला आतल्या पाकळीचा भाग अजून फिकटच दिसतो आणि जिथे ऊन पोहोचले, तिथपर्यंतच लाली आलेली असते. काच या किरणांचा मोठा भाग अडवते, म्हणून बंद खिडकीच्या आत ठेवलेल्या झाडाची फुले फिकी राहतात. फुलदाणीसाठी फूल हवे असेल, तर ते कळी असताना न तोडता झाडावर एक-दोन दिवस रंगू द्यावे आणि मग पहाटे कापावे.

तेव्हा रोप आणण्याआधी आपल्या गच्चीवर किंवा गॅलरीत ऊन कुठे आणि किती वेळ येते, हे पाहून ठेवले पाहिजे. किमान पाच-सहा तासांचे थेट ऊन हवे, त्यातही सकाळचे असेल तर उत्तम. जिथे ऊनच येत नाही, तिथे खताचा कितीही मारा केला तरी हा गुलाब मनासारखा फुलणार नाही.

पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या परिसरातल्या रोपवाटिकांमध्ये काय किंवा शहरातल्या नर्सरीत काय, रोप निवडताना फुलाआधी कलमाचा सांधा पाहावा. गुलाबाचे रोप बहुधा जंगली गुलाबाच्या खुंटावर (मुळे असलेल्या खोडावर) हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा सुप्त कोंब, भरून केलेले असते आणि हा सांधा लागवडीत मातीच्या दोन-तीन इंच वर राहिला पाहिजे. सांध्याखालून जोमदार फूट येते, तेव्हा नवख्या माणसाला झाड वाढल्याचा आनंद होतो. पण ती खुंटाची फूट असते आणि वेळीच काढली नाही, तर काही महिन्यांत कलम मरून केवळ जंगली झाड उरते. पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पाने, मोजून ही फूट ओळखण्याची पद्धत आहे, परंतु ती दर वेळी खात्रीची ठरत नाही. माती थोडी उकरून फूट नेमकी कुठून निघाली आहे ते पाहावे आणि ती मुळापाशी ओढून काढावी, कारण वरून कापल्यास ती पुन्हा फुटते.

कुंडी बारा ते चौदा इंचांची असावी आणि तळाच्या छिद्रातून पाणी मोकळे वाहून जावे. निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, थोडी भरड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करावे. पुढे पंधरा दिवसांनी एकदा शेंगदाणा पेंड भिजवून, फिक्या चहाच्या रंगाइतकी पातळ करून द्यावी. नत्र जास्त झाले की पाने हिरवीगार आणि लुसलुशीत होतात, पण त्यांच्यावर मावा ही रस शोषणारी कीड आणि भुरी हा पांढऱ्या भुकटीसारखा दिसणारा बुरशीरोग लवकर येतात. भुरी हा या जातीचा दुबळा भाग आहे, म्हणून पाणी सकाळी आणि मातीतच घालावे, झाडांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते छाटणीकडे. महाराष्ट्राच्या पठारी भागात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुख्य छाटणी करतात. वाळलेल्या, बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढून चार-पाच सशक्त फांद्या राखायच्या आणि त्या एक ते दीड फुटावर कापायच्या. कात्री धारदार हवी. बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता असा हा काप घेतला की नवी फांदी बाहेर वाढते आणि झाडाचा मध्य उन्हाला मोकळा राहतो. कापाच्या आतला गर पांढरट-हिरवा असेल तर फांदी निरोगी. तपकिरी दिसला तर निरोगी भाग लागेपर्यंत आणखी खाली कापावे. शेवटी कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी, नाहीतर शेंड्याकडून वाळत येणारी मर फांदीत उतरते. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला बहर येतो आणि थंडीतली ही फुले वर्षातली सर्वांत मोठी असतात.

त्यानंतर कोमेजलेले प्रत्येक फूल पाच पर्णिकांच्या सुदृढ पानाच्या वर कापत राहिल्यास बहर चालू राहतो. उन्हाळ्यात फुले लहान होतात, लवकर लाल पडून झडतात. या काळात लाल कोळी ही अतिसूक्ष्म कीड पानांच्या मागे वाढते, तेव्हा पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पाने कुंडीत न कुजवता बाहेर टाकावीत. दोन वर्षांतून एकदा, ऑक्टोबरच्या छाटणीबरोबरच, झाड मुळांच्या गड्ड्यासह अलगद बाहेर काढून कडेची जुनी माती झटकावी, वेटोळी झालेली मुळे थोडी छाटावीत आणि ताज्या मिश्रणात झाड पुन्हा लावून सात-आठ दिवस अर्धसावलीत ठेवावे.