मराठी पण फनी असतं?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातल्या भाषणाचं थोडं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिलीयेत आणि विषय दिलाय 'मुलं आणि मराठी'. पण मी एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे, कारण जानेवारीत ठाण्याहून परत आल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

नौपाड्यात आईबाबांकडे होतो. लेक पाच वर्षांचा, जेट लॅगमुळे पहाटे चारला टक्क जागा. बाबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि चित्रांचं पुस्तक काढलं. गोष्टीत आजी लाडू शोधतेय. बाबा प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचत होते, 'आजीने कपाटात पाहिलं, डब्यात पाहिलं, लाडू कुठेच नव्हते', आणि पान उलटणार तेवढ्यात ह्याने पानावर हात आपटला. आजोबा, थांबा! पाळण्यातल्या बाळाचे गाल टम्म फुगलेले आणि दुपट्यावर सगळा बेसनाचा चुरा. बाळाबद्दल गोष्टीत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. हा गडबडा लोळून हसला, बाबांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं, तेही हसायला लागले, आवाजाने आई उठून आली, आणि त्या सगळ्या गोंधळात हा माझ्याकडे वळून म्हणतो, "आई, मराठी पण फनी असतं?"

पण. त्या 'पण'ने मला झोप लागली नाही.

कारण मी आठवत बसले की हा माझ्या तोंडून मराठीत ऐकतो काय. बूट काढ, हात धू, संपव ते, किती वेळा सांगायचं, आजीशी बोल फोनवर. रागावले की मी शुद्ध मराठीत रागावते. आणि गंमत, नकला, झोपताना खिदळणं, हे सगळं इंग्लिशमध्ये. पाच वर्षांत मी त्याला मराठीत पोट धरून हसवलंच नव्हतं. आणि मी कुठली, तर जिथे १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे त्या ठाण्याची.

हे फक्त माझ्या घरचं नाहीये, म्हणून इथे बोलतेय. आपल्या गणपतीत मुलांना श्लोक पाठ करायला लावतो, नंबर काढतो, आणि एखादी मुलगी 'मांजर आला' म्हणाली की अख्खा हॉल हसतो. प्रेमाने हसतो, मला माहितीये, पण पुढच्या वर्षी ती स्टेजवर येत नाही. मराठी शाळेतलं आपलं पुस्तकांचं खोकं बघा कधीतरी, त्यात थोरांची चरित्रं आहेत, बोधकथा आहेत, सगळ्याच्या शेवटी तात्पर्य. पाच वर्षांच्या पोराला तात्पर्य कशाला हवंय? त्याला बाळाने लाडू खाल्लेला बघायचाय.

ह्या चित्रांच्या पुस्तकांचं मला फार कौतुक वाटायला लागलंय. शब्द एक सांगतात आणि चित्र भलतंच दाखवतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाच ते आधी दिसतं. मोठा माणूस अक्षरांत अडकलेला असतो, पोर आरामात कोपरे बघत असतं. घरात सगळ्यांपेक्षा लहान असलेल्याला आजोबांच्या आधी कळलंय, हा आनंद केवढा असेल! शिवाय पानं मोजकी, पुष्कळदा सोळा किंवा बत्तीस, कारण छापताना मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा फॉर्म होतो. तेवढ्यात सगळं बसवायचं, आणि हशा कुठे येणार, तर पान उलटल्यावर. म्हणून घाईने पान उलटू नका हो. 'चित्रं काय बघतोस, वाच' असं तर अजिबात म्हणू नका.

आणि मराठीत हे नाही असं कोण म्हणतं? विंदा करंदीकरांच्या बालकवितांची 'राणीची बाग' १९६१ ची. चिंटूची चित्रमालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली, तुमच्यापैकी कितीजणांनी कात्रणं ठेवली असतील! माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात, स्वतःच चित्रं काढतात, २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपण सुट्टीत जाऊन साड्या आणतो, भाजणी आणतो. यावेळी आमच्याकडे वजनकाट्यावर भांडण झालं, तेवीस किलोच्या वर जातंय म्हणून आईने पुस्तकं काढून भाजणी ठेवली, मी चिडले, ती रडली, शेवटी पुस्तकं हँडबॅगेत आली. राम मारुती रोडवरून बाबांनी स्वतः निवडून आणलेली होती, प्रत्येक चित्र तपासून.

ती मी आज बाहेर टेबलावर ठेवलीयेत. घेऊन जा, चुरगळू देत, फाटली तरी चालतील.

आता जे मला सुटत नाहीये ते. गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा खेळायला आला होता, त्याला मराठीचा गंध नाही. माझा लेक त्याला तेच लाडवाचं पुस्तक 'वाचून' दाखवत होता, चित्रं बघून, सगळं इंग्लिशमध्ये. दोघं तसेच लोळून हसले. मी ओट्याशी उभी होते, आधी छान वाटलं, मग हात थांबला. म्हणजे तो इतके दिवस चित्रालाच हसत होता का? माझ्या मराठीची त्यात गरज होती की नव्हती?

जानेवारीत परत आलो तेव्हा घरभर 'गाल टम्म, गाल टम्म' करत फिरायचा. त्या दिवशी त्या पानावर आला, क्षणभर अडला, आणि म्हणाला, "हिज चीक्स आर... व्हेरी फुल."